रीत क्रमांक पंचवीस

मी एक कप बोलतोय. चहाचा, चिनी मातीचा, अगदी साधा. काठाला एके ठिकाणी टवका उडालाय, पण कान शाबूत आहे. तुम्हा माणसांना दोन कान असतात, त्यामुळे एका कानानं ऐकून दुसऱ्यानं सोडून द्यायची सोय असते. मला एकच. जे आत शिरलं ते आतच राहिलं.

माझा जन्म कारखान्यातला. पातळ रबड्यासारखी माती साच्यात ओतली, थोड्या वेळानं उरलेली ओतून दिली आणि साच्याच्या भिंतीला जी चिकटून राहिली तो मी. कान वेगळा झाला. एका बाईनं तो ओल्या मातीनं मला चिकटवला आणि अंगठ्यानं दाबला. मग भट्टी, मग रंगकाम. फिरत्या चकतीवर मला ठेवून एक मुलगी कुंचला टेकवायची, की काठाखाली निळी रेघ गोल फिरून यायची. माझ्या वेळी तिला शिंक आली. रेघ एका जागी घसरली आणि पुन्हा सावरून वर गेली.

तपासनीसानं मला दुय्यम मालाच्या ढिगात टाकलं. तिथून मी आणि माझे पाच भाऊ एका भांड्यांच्या दुकानात आलो. बाकीचे पाच सरळ रेघेचे होते. त्यांच्यात काय खोट होती, ते मला आजवर कळलेलं नाही.

एक दिवस एक जोडपं दुकानात आलं, बरोबर पाच-सहा वर्षांची मुलगी. बाई एकेक कप उजेडाकडे धरून बघत होती. मला धरलं आणि हसायलाच लागली.

"अहो, हा बघा. ह्याची रेघ पाय घसरून पडलीय."

"मग दुसरा सेट घे की."

"नको. हाच घेऊ. हा माझा. गर्दीत हरवला तरी ओळखू येईल."

असा मी तिचा झालो.

घर तिसऱ्या मजल्यावर होतं. स्वयंपाकघरातच चौकोनी टेबल, चार खुर्च्या. टेबलाचा एक पाय आखूड होता, त्याखाली घडी घातलेला कागद. खिडकीतून समोरच्या छापखान्याची भिंत दिसायची आणि दिवसभर यंत्रांचा धडधडाट ऐकू यायचा. तो बंद पडला की बाई म्हणायची, "पाच वाजले, चहा टाका."

बाई चष्म्याच्या दुकानात काचा घासायची. त्यामुळे धुळीशी तिचं हाडवैर. काचेवर धुळीचा एक कण राहिला तर गिऱ्हाइकाला जग डागाळलेलं दिसतं, असं ती म्हणायची. घरीही तेच. भांडं घासून झालं, की उजेडाकडे धरून बघितल्याशिवाय फडताळात जायचं नाही.

तिचा नवरा पर्यटन खात्याच्या कचेरीत कारकून. काम माहितीपत्रकं लिहिण्याचं. बाहेरून येणाऱ्या पाहुण्यांना आपला देश कसा गोड वाटेल, ते हा माणूस लिहायचा आणि स्वतः मात्र कधी सरहद्दीपर्यंतसुद्धा गेला नव्हता. दुसऱ्यांच्या शब्दांतल्या चुका काढायची त्याला भारी खोड, म्हणून कचेरीत त्याला सगळे कोशकाका म्हणायचे. घरात कोश बंद. घरात बायको सांगेल तो अर्थ.

आणि मुलगी. तिला पाण्याचं वेड. आंघोळीला गेली की बाहेर निघायचं नाव नाही.

प्रत्येक घराच्या काही वेड्यावाकड्या सवयी असतात. ह्या घराच्या अंमळ जास्तच होत्या. केळं खायचं ते मिरपूड घालून. वर्तमानपत्र वाचायचं ते शेवटच्या पानापासून. टेबलावर कोणी शिंकलं, तर शिंकणाऱ्यानं उठून सगळ्यांना वाढायचं. शेजारीण यायची, हे सगळं बघायची आणि कपाळाला हात लावायची. "वहिनी, तुमचं घर म्हणजे वेगळाच देश आहे हो! तुमच्याकडे यायचं तर पासपोर्ट लागायचा."

त्यात आणखी एका सवयीची भर पडली, ती मुलगी नऊ वर्षांची असताना. पोहण्याच्या शिबिरासाठी ती पहिल्यांदाच घर सोडून गेली, पाच दिवसांसाठी. पहिल्या संध्याकाळी बाईनं सवयीनं तीन कप मांडले. नवऱ्यानं तिसरा उचलला.

"अगं, ती नाहीये ना."

"राहू द्या तो. माणूस बाहेर गेलं म्हणून लगेच त्याची जागा उठवायची नसते."

कप परत जागेवर गेला. बाईनं त्याच्याकडे जरा बघितलं आणि तो पालथा घातला.

"हे काय आता?"

"धूळ नको जायला आत."

बस्स, एवढंच. त्यामागे दुसरं काहीही नव्हतं. ना धर्म, ना परंपरा. मी टेबलावरच होतो, मला ठाऊक आहे. पाच दिवस तो कप तसाच राहिला आणि पाच दिवस बाई चहा पिताना त्याच्याकडे बघत राहिली. नवरा म्हणाला, "पालथ्या घड्यावर पाणी ऐकलं होतं, पालथ्या कपावर माया आजच बघतोय."

मुलगी परत आली ती उन्हानं रापलेली, पोटात हजार गोष्टी. दारातूनच सुरू झाली. आईनं तिला खुर्चीत बसवलं, कप सुलटा केला, त्यात दूध जास्त घालून चहा ओतला. "आधी पी. पिऊन होईपर्यंत तू काही सांगायचं नाहीस आणि आम्ही काही विचारायचं नाही. आधी तू घरी ये, मग तुझ्या गोष्टी येऊ देत."

तेव्हापासून तो घराचा कायदा झाला. कोणी गावाला गेलं, की त्याचा कप पालथा. परत आलं, की कप सुलटा, चहा, आणि तो संपेपर्यंत विचारपूस बंद. नवरा दोन दिवसांच्या कामासाठी शेजारच्या शहरात गेला तरी हेच. मुलगी मोठी झाली, दुसऱ्या शहरात पोहणं शिकवायची नोकरी लागली, तरी हेच. तेव्हा तिचा कप पंधरा-पंधरा दिवस पालथा असायचा. ती यायची ती केसांना तलावाच्या औषधाचा वास घेऊन, आणि न बोलता खुर्चीत बसायची. एवढी मोठी झाली तरी चहा संपेपर्यंत खरंच बोलायची नाही. नुसती आईकडे बघून हसायची.

मी मात्र कधी पालथा झालो नव्हतो. बाई कुठे जायचीच नाही. "मी गेले तर कप पालथा कोण घालणार?" असं म्हणायची.

मग तिचं पोट दुखायला लागलं. आधी "काही नाही, वात असेल" झालं, मग घरगुती औषधं, मग डॉक्टर, मग मोठे डॉक्टर. एका सकाळी नवरा तिला हॉस्पिटलात सोडून एकटाच परत आला. चहा केला नाही. टेबलाशी बराच वेळ बसला. मग मला उचललं, आतून कोरडं केलं आणि पालथं घातलं.

पालथा असणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. तोंड टेबलाला लागलेलं, आत अंधार आणि अंधारात मागच्या चहाचा वास. दिसत काही नाही, नुसतं ऐकायचं.

बाराव्या दिवशी ती आली. खुर्ची सरकल्याचा आवाज आला तेव्हा मला कळलं, कारण ती खुर्ची हलकी सरकली. तिचं वजनच राहिलं नव्हतं. नवऱ्यानं मला सुलटं केलं, चहा ओतला. थोडा टेबलावर सांडला. मुलगी रजा काढून आली होती. तिघं बसली. बाईनं सावकाश, घोट घोट करत मला संपवलं, खाली ठेवलं आणि म्हणाली, "झाला. आता विचारा काय ते."

कोणीच काही विचारलं नाही.

महिन्याभरानं तिला पुन्हा न्यावं लागलं. नवरा खाली गाडी बघायला गेला होता, मुलगी पिशवी भरत होती. बाई टेबलापाशी आली. मला उजेडाकडे धरून बघितलं आणि स्वतःच्या हातानं पालथं घातलं. घालताना माझा काठ टेबलाच्या कडेवर आपटला आणि टवका उडाला. "गेला वाटतं," ती म्हणाली. "असू दे."

ती परत आली नाही.

नंतरचे दिवस माणसांचे होते. खूप पावलं, खूप भांडी. बाईची बहीण, मुलीची मावशी, आवराआवर करताना मला उचलून फडताळाकडे निघाली. नवरा आतल्या खोलीतून म्हणाला, "तो राहू द्या." तो माझ्याकडे बघत नव्हता. त्याला आवाजावरून कळलं होतं.

त्यानंतर वर्षभर मी तिथेच राहिलो. दर रविवारी तो मला उचलायचा, खालची जागा पुसायचा, मला आतून-बाहेरून पुसायचा आणि परत पालथा ठेवायचा. मुलगी एक आठवडा सोडून यायची. तिचा कप सुलटा व्हायचा, ती चहा प्यायची आणि दोघं समोरासमोर बसायची. मी मध्ये. माझ्याबद्दल दोघांत कधी चकार शब्द निघाला नाही. पण निघताना मुलगी माझ्या पाठीवर बोट टेकवायची, दार लावायच्या आधी. रोज देवाला करावं तसं नाही, चालता चालता करावं तसं.

अशातच कचेरीत नवे साहेब आले आणि त्यांनी एक टूम काढली. पाहुण्यांना आता डोंगर, किल्ले, समुद्र नको असतात म्हणे. त्यांना लोकांच्या तऱ्हा हव्या असतात. म्हणून एक पुस्तिका काढायची, 'आमच्या पंचवीस अजब रीती'. लिहिणार कोण? कोशकाका.

त्यानं घरी बसून लिहायला घेतलं. लिहिलेलं मोठ्यानं वाचायची त्याला सवय होती, पूर्वी बायको ऐकायला असायची म्हणून. आता मी ऐकायचो. इथले लोक 'निघतो' म्हणून उठतात आणि दारात अर्धा तास उभं राहून बोलतात. वाटसरूनं पत्ता विचारला, तर माहीत नसला तरी सांगतात, कारण नाही म्हणणं बरं दिसत नाही. ताटलीतला शेवटचा तुकडा कोणीच उचलत नाही, तो सगळ्यांच्या देखत वाळतो. फोनवर बोलताना माणसं उठून फेऱ्या मारतात. असं करत करत चोवीस झाल्या. पंचविसावी काही सुचेना.

रविवारची दुपार होती. छापखाना बंद, सगळीकडे शांत. पेन बराच वेळ थांबलं होतं. मग त्यानं मला पुसायला उचललं आणि हातातच धरून बसला. थोड्या वेळानं पेन पुन्हा चालू लागलं.

"आमच्या घरात," त्यानं वाचलं, "कोणी बाहेरगावी गेलं, की त्याचा कप टेबलावर पालथा ठेवतात. तो परत आला की आधी कप सुलटा करून चहा देतात, आणि चहा संपेपर्यंत कोणी त्याला काही विचारत नाही."

तो थांबला. मग एक शब्द खोडल्याचा आवाज आला. एकच. त्यानं पुन्हा वाचलं.

"आमच्या देशात."

आणि माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "असू दे गं. निदान कागदावर तरी राहशील."

लबाडी म्हणावी तर ती एवढीच. पंचवीस आकडा पुरा करायचा होता, हेही खरं. दोन्ही खरं होतं.

पुस्तिका निघाली, आणि चोवीस रीती राहिल्या बाजूला, सगळ्यांना पंचविसावीच आवडली. एक दिवस शेजारीण ती घेऊनच आली.

"भाऊजी, वाचलं हो! अगदी खरं लिहिलंत. आमच्या सासूबाई हुबेहूब असंच करायच्या."

"खरंच?"

"म्हणजे... कप नसेल तेव्हा. पण काहीतरी पालथं असायचं बघा घरात."

तो हसला. बायको गेल्यावर पहिल्यांदाच हसला असेल. ह्याच टेबलावर दहा वर्षं चहा पिऊन ही बाई हे सांगत होती!

पण हसण्यावारी नेण्यासारखं ते राहिलं नाही. हॉटेलांतून पाहुण्यांसमोर पालथे कप मांडायला लागले. विमानतळावर पालथ्या कपाचं मोठं चित्र लागलं. दुकानांतून पालथ्या कपाच्या आकाराचे साबण आले, किल्ल्या अडकवायच्या साखळ्या आल्या. एका प्राध्यापकानं लेख लिहिला, की ही रीत जुन्या खलाशांपासून चालत आलेली दिसते. कोशकाका तो लेख वाचत होता आणि मधूनमधून त्याची पेन्सिल कागदावर खरखरत होती.

मग एका बुधवारी, आठवडा तिचा नसताना, मुलगी आली. दार उघडल्यावर आधी केसांना लावलेल्या टॉवेलातून ठिबकणारं पाणी ऐकू आलं. तलावावरून तशीच निघाली होती. बापानं नेहमीसारखा तिचा कप सुलटा करायला हात पुढे केला.

"नको. मला आधी विचारायचंय."

त्या टेबलावर हे कधी झालं नव्हतं.

"बाबा, हे तुम्ही लिहिलंत?"

"हो."

"आमच्या तलावाजवळ चहाचं दुकान आहे. काल आम्ही सगळे गेलो होतो. मी हात धुवायला उठले, तर माझ्या मैत्रिणींनी माझा कप पालथा घातला. आणि खिदळत होत्या. म्हणाल्या, अगं, रीत आहे आपली! मी आल्यावर ओरडल्या, 'कोणी काही विचारू नका!' सगळं दुकान हसलं, बाबा."

"त्यांना काय माहीत..."

"त्यांना नाही माहीत. तुम्हाला माहीत होतं ना?"

त्यानं खुर्ची मागे सरकवली.

"मला वाटलं होतं, जगात दोनच माणसांना हे कळतं. तुम्हाला आणि मला. तिकडे तलावावर गर्दीत बसून मी डोळे मिटले ना, तरी मला हा कप दिसायचा. आता डोळे मिटले की साबण दिसतो!"

"मी तिच्यासाठीच लिहिलं गं. ती राहावी म्हणून."

"कुठे राहिली ती? दाखवा ना. ह्यात कुठे आहे आई?" पुस्तिकेची पानं फडफडली. "खलाशी आहेत म्हणे. खलाशी!"

"ती असती तर हसली असती."

"हसली असती. पण घरी बसून. असं चारचौघांत तिला वाटून टाकलेलं तिला आवडलं नसतं."

ती गेली. चहा न पिता गेली. माझ्या पाठीला बोटही लावलं नाही. बापानं तिचा कप, जो सुलटा झालाच नव्हता, थोडा सरकवून नीट ठेवला.

पंधरवडा गेला, ती आली नाही. महिना गेला. तो फोन करायचा, ती "बरी आहे, शिकवणी आहे, ठेवते" एवढं बोलायची. एके सकाळी त्यानं मला रुमालात गुंडाळलं आणि कचेरीत नेलं.

मी आयुष्यात पहिल्यांदा घराबाहेर पडलो तो साक्षीदार म्हणून. साहेबांच्या खोलीत ते खलाशीवाले प्राध्यापकही बसले होते. कोशकाकानं मला टेबलावर ठेवलं. "साहेब, मी खोटं लिहिलं. ही देशाची रीत नाही. माझ्या बायकोनं काढलेली आहे. धूळ जाऊ नये म्हणून. हा तिचा कप. पुस्तिका दुरुस्त करा."

साहेब हसले नाहीत. माणूस वाईट नव्हता. "कोशकाका, लिहिलंत तेव्हा खोटं असेल. आता लोक करतायत ना? मग आता ती रीतच झाली. आता दुरुस्त केली तर ते खोटं होईल."

"पण काढली तिनं."

प्राध्यापक पुढे झुकले. आवाज फार मऊ होता त्यांचा. "तुम्हाला तसं वाटणं साहजिक आहे. पण असं शून्यातून कोणी काही काढत नसतं. त्यांनी लहानपणी कुठे तरी पाहिलं असणार. परंपरा अशीच आत झिरपते. वहिनींना... त्यांना बिचारीला वाटलं असेल, आपणच काढली."

कोशकाका दुसऱ्यांच्या चुका काढण्यात आयुष्य घालवलेला माणूस. पण ही चूक सिद्ध कशानं करणार? मेलेल्या बायकोला विचारून येणार कसा? आणि तिनं सांगितलं असतं तरी, तिला 'वाटलं असेल' म्हणायला ते मोकळेच होते.

साहेबांनाच वाईट वाटलं. ते म्हणाले, "असं करू. कचेरीच्या तळमजल्यावर लोकजीवनाचं दालन उघडतोय. हा कप तिथे ठेवू. खाली लिहू, की ही रीत ह्या बाईंनी सुरू केली. तुम्हीच लिहून द्या मजकूर."

त्यानं विचार करायला दोन दिवस घेतले. मग टेबलाशी बसून तीन ओळी लिहिल्या. मला वाचून दाखवल्या. चष्म्याच्या दुकानात काचा घासणाऱ्या एका बाईनं, मुलगी शिबिराला गेली तेव्हा. त्यात एकही चूक नव्हती. मुलीला फोन करून सांगितलं, "आईचं नाव लागणार आहे गं, ये बघायला." पलीकडून काय उत्तर आलं, मला ऐकू आलं नाही.

दालन उघडलं त्या दिवशी तो इस्त्रीचा सदरा घालून आला, कडक कापडाच्या आवाजावरून कळलं. मी काचेच्या पेटीत होतो, पालथाच, खाली निळी मखमल. मुलगी आली नव्हती. त्यानं चष्मा पुसला, वाकून पेटीवरचा कागद सवयीनं मोठ्यानं वाचला. परत वाचला. मग पेन्सिलीचं टोक काचेवर टकटकलं, दुरुस्ती करायला. कागद काचेच्या आत होता.

साहेब बाजूला उभे होते. "छपाईत थोडं आटोपशीर केलं त्यांनी," ते म्हणाले. "जागा कमी होती."

त्यानंतर तो दर रविवारी यायचा. मला पुसता येत नव्हतं, म्हणून पेटी पुसायचा. दालन सांभाळणाऱ्या बाईंनी आधी हटकलं, मग सोडून दिलं. पुढे तो निवृत्त झाला, तरी रविवार चुकला नाही. मग एका रविवारी आला नाही. पुढच्याही नाही.

त्यानंतर मुलगी आली. मी आवाजावरून ओळखली. तिनं दालनवाल्या बाईंना सांगितलं, की हा आमच्या घरातला कप आहे, वडील अंथरुणाला खिळलेत, मी नोकरी सोडून त्यांच्याजवळ आलेय, ते काही मागत नाहीत, एवढंच म्हणतात, की तिचा कप टेबलावर हवा होता. आणि ही रीत माझ्या आईनं सुरू केली.

दालनवाल्या बाई दमलेल्या आवाजात म्हणाल्या, "ताई, राग मानू नका. महिन्याला दोघी-तिघी येतात. प्रत्येकीच्या आईनंच सुरू केलीय."

बाईंनाच मग राहवलं नाही. "वर साहेबांना अर्ज द्या. एका दिवसासाठी देतात कधी कधी."

तिनं अर्ज दिला. साहेब आता तिसरेच होते. मी दप्तरात नोंदलेला, त्यामुळे अर्ज इकडून तिकडे फिरला असणार. ती परत आली तेव्हा कागद फडफडला, तो तिनं बाईंना दिला.

"अगंबाई, मिळाली की परवानगी!" बाई किल्ल्या शोधू लागल्या. "थांबा हं, काढून देते. उद्या ह्याच वेळेला परत आणून द्या."

"राहू द्या," मुलगी म्हणाली. "बाबा गेले. आज नऊ दिवस झाले."

किल्ल्यांचा आवाज थांबला. बाईंनी खुर्ची पुढे ओढली, मुलगी बसली. मी दालनात आल्यापासून पहिल्यांदाच ती माझ्यासमोर बसली होती.

"भांडला होतात का?" बाईंनी विचारलं. काही बायकांना बरोबर कळतं.

"मी भांडले होते. नंतर मिटलं. म्हणजे मिटलं असं बोललो नाही कोणी. मी घरी आले, त्यांनी उठून माझा कप सुलटा केला. उठवत नव्हतं त्यांना, तरी. मी चहा प्यायले. मग ते म्हणाले, 'आता विचार.' मी म्हटलं, काही नाही विचारायचं." मग म्हणाली, "ते गेल्यावर सगळे विचारायला लागले, त्यांचा कप पालथा नाही घालणार का? आता सगळ्यांना माहीत आहे ना. मी धुवून फडताळात ठेवला. पालथा घातला की वाट बघावी लागते."

दालनवाल्या बाईंनी नाक ओढलं.

उठता उठता मुलगी म्हणाली, "एक कराल? निदान सुलटा तरी ठेवा ह्याला."

"ठेवला असता हो," बाई म्हणाल्या. "पण मग बघणाऱ्यांना कळणार कसं?"

"हो. तेही खरंच." पावलं दारापर्यंत गेली आणि मग रस्त्याच्या आवाजात मिसळली.

ह्यालाही आता बरीच वर्षं झाली. पालथ्या कपांचा जमाना गेला. हॉटेलवाल्यांनी ते बंद केलं, साबणाच्या जागी दुसरं काही आलं. नव्या पुस्तिकेत नव्या रीती आहेत म्हणे. त्या कोणाच्या घरातल्या उचलल्यात कोण जाणे. दालन आठवड्यातून एकदा उघडतं. माझ्या पेटीवरचा दिवा गेलाय म्हणे, तो कोणी बदललेला नाही. पेटी पुसायला कोणी येत नाही. त्या बाईचं जिच्याशी हाडवैर होतं, ती धूळ काचेवर जाड बसली असणार. आत मात्र आलेली नाही, एवढं तिला सांगायला हवं होतं.

मला इथून न्या, असं मी म्हणणार नाही. न्यायचं कुठे? ते टेबल राहिलं नसेल. माझी तक्रार फक्त पेटीवरच्या कागदाबद्दल आहे. त्यावर छापलंय, 'पारंपरिक कप. काळ: अज्ञात.' तुमच्यापैकी कोणी कधी ह्या बाजूला आलात, तर तेवढं दुरुस्त करून घ्या. काळ अज्ञात नाही. तो मला पाठ आहे. एकोणीस वर्षं आणि चार महिने, रोज दोन वेळा, साखर कमी.